उंदीर पाय उचलत नाहीत

४ जानेवारी

आजपासून रोजनिशी. लॅबच्या वहीत उंदरांची निरीक्षणं जातात. माणसांची कुठेच जात नाहीत. ती साठून राहतात आणि डोकं दुखतं. नियम: थोडक्यात लिहायचं. भावनिक काही नाही. विशेषणं कमी.

कामाचा विषय एकदा नोंदवून ठेवते. मधुमेह जुना झाला की पायाच्या नसा बिघडतात आणि तळपाय जळायला लागतात. ती जळजळ वनस्पतीतल्या एखाद्या द्रव्याने कमी होते का, हे मी तपासते. बाबांना हाच त्रास आहे, पण त्याचा विषयनिवडीशी संबंध नाही. माझ्या गाईड मॅडमनी चार विषय समोर ठेवले होते. मी त्यातला एक निवडला. बाकीचे तीन मी ऐकून घेतले नाहीत, इतकंच.

अर्क एक ते सहा माझ्या आधीच्या मुलीने तपासले. सगळे वाया गेले. ती आता एका कंपनीत औषधं विकते. योग्य जागी पोचली.

अर्क सात माझा आहे.

५ जानेवारी, सकाळी

अर्क सात म्हणजे संस्थेच्या मागच्या भिंतीला लागून वाढलेलं झुडूप. पानं चुरगळली की ओल्या गोणपाटाचा वास येतो. एका जुन्या पुस्तकात दोन ओळी सापडल्या की पूर्वी लोक हा पाला दुखऱ्या अंगावर बांधत. लोक काय, काहीही बांधतात. त्यांना त्यात पाला दिसला, मला द्रव्य दिसलं. शिक्षणाचा उपयोग होतो तो असा.

७ जानेवारी

चाचणीची पद्धत. उंदराला तारेच्या जाळीवर उभं करायचं. तो शांत झाला की खालून नायलॉनचा एक तंतू त्याच्या तळपायाला टेकवायचा. तंतू बारीक असतात, जाड असतात. बारीक आधी, जाड नंतर. नस दुखरी असेल तर उंदीर अगदी बारीक तंतूलाही पाय झटकन उचलतो. नसेल दुखत तर उचलत नाही.

पाय उचलला म्हणजे दुखतंय. नाही उचलला म्हणजे नाही दुखत. याहून स्वच्छ पद्धत शोधून सापडायची नाही. उंदीर उपमा देत नाहीत.

तीन ग्रुप केले. निरोगी उंदीर. मधुमेह झालेले, ज्यांना नुसतं पाणी द्यायचं. मधुमेह झालेले, ज्यांना अर्क सात द्यायचा.

शेजारच्या टेबलावर पोपट असतो. त्याचं खरं नाव वेगळं आहे, पण मॅडमच्या प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन शब्द तो 'अगदी' लावून परत म्हणतो, त्यामुळे खऱ्या नावाची गरज उरलेली नाही. तो उंदरांशी बोलतो. आज एकाला म्हणत होता, काय रे बाबा, झोप झाली का. उंदराने उत्तर दिलं नाही. दोघांत उंदीर बरा.

११ जानेवारी

बाबांना वेदना मोजायला शिकवण्याचा प्रयत्न. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे असह्य. रोज सकाळी एक आकडा सांगायचा. एवढंच.

बाबा निवृत्त सर्व्हेअर आहेत. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या. आकडा सांगणं त्यांना जड जाऊ नये. पण त्यांनी आधी विचारलं की कशापासून मोजायचं. म्हणाले, कुठल्याही मोजणीला पहिली खुंटी ठोकावी लागते पोरी, तुझी खुंटी कुठे आहे? मी म्हटलं, खुंटी शून्यावर आहे. ते म्हणाले, शून्य मी गेल्या सहा वर्षांत पाहिलेलं नाही, ते कुठे असतं ते आता आठवत नाही.

मग म्हणाले, कोणीतरी तापलेली वाळू मोज्यात भरून मोजे पायात चढवल्यासारखं होतं. आणि मधूनच एखादी मुंगी चावते, पण मुंगीला दात लोखंडाचे.

यात एकक नाही. मी सात लिहिलं.

१२ जानेवारी

आत्याविषयी एकदाच लिहून मोकळी होते. बाबांची थोरली बहीण. आई गेल्यापासून आमच्याकडे. रोज संध्याकाळी बाबांचा पाय मांडीवर घेऊन बसते, चष्मा कपाळावरून खाली ओढते आणि तेल चोळते. बोटांच्या बेचक्यातसुद्धा. अर्धा तास. तोंडाने अख्ख्या नात्यातल्या लग्नांचा आणि भांडणांचा आढावा. तेलात औषधी असं काहीही नाही, मी वास घेऊन पाहिला. नसांपर्यंत ते पोचण्याची शक्यता शून्य. मी तसं सांगितलं. आत्या म्हणाली, नसांना नको पोचू दे, तुझ्या बापाला पोचतंय.

हे उत्तर नव्हे.

२४ जानेवारी

अर्क सातचे उंदीर पाय कमी उचलू लागले आहेत. फरक लहान आहे, पण दिशा बरोबर. ग्राफ काढला. रेषा खाली जाते, देखणी दिसते. मॅडमना दाखवला. त्या म्हणाल्या, घाई नको. पोपट म्हणाला, अगदी, घाई नको.

मॅडमनी असंही सुचवलं की चाचणी आंधळी करावी. म्हणजे कुठल्या पिंजऱ्याला काय दिलंय हे तपासणाऱ्यालाच माहीत नसावं, खुणा दुसऱ्या कोणीतरी घालाव्यात. तत्त्वतः मान्य. पण ही पद्धत ज्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर ताबा नाही अशांसाठी काढलेली आहे. आणि खुणा घालणार कोण? पोपट. त्याला डावा-उजवा पाय कळला तरी खूप.

पुढच्या महिन्यात करू.

३ फेब्रुवारी

पाणीवाल्या ग्रुपची चाचणी थांबवली. उंदीर आहेत, खातात, पितात. फक्त तपासत नाही. विचारपूर्वक निर्णय. दुपारच्या दुपारी त्यांच्यात जातात, आणि नुसतं पाणी प्यायलेला उंदीर नवीन काय सांगणार? पाय दुखतोय, हेच ना. ते मला घरी ऐकायला मिळतं.

वाचलेला वेळ अर्क सातला. ज्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे त्याचं ऐकावं.

९ फेब्रुवारी

संकल्प: अर्क सात किंवा त्याचा पाला कोणत्याही परिस्थितीत घरी आणायचा नाही. उंदरांवरची चाचणी अपुरी असताना माणसाला काही देणं हा अडाणीपणा आहे. अशा लोकांना मी नेहमीच कमी लेखत आले आहे.

१० फेब्रुवारी

बाबा रात्री झोपले नाहीत. ओट्याखालच्या गार फरशीवर पाय टेकवून स्वयंपाकघरात बसले होते, असं आत्याने सकाळी सांगितलं. मला उठवलं नाही. म्हणे तुला लॅबला जायचं असतं.

१३ फेब्रुवारी

पाला घरी आणला.

नऊ तारखेचा संकल्प अर्काविषयी होता. पाला वेगळा. पाला हे अन्न आहे. झाडाचं पान आहे. ते उकळलं की काढा होतो, आणि काढ्याला कोणी औषध म्हणत नाही. शिवाय हा प्रयोग नाही. प्रयोगाला तुलनेसाठी कंट्रोल ग्रुप लागतो. बाबा एकच आहेत.

जेवणानंतर अर्धी वाटी दिला. बाबांनी तोंड वाकडं न करता घेतला आणि विचारलं की उंदरांनी याबद्दल काही तक्रार केली आहे का. आत्याने वाटीचा वास घेतला. म्हणाली, अगं शहाणे, या पाल्याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, आणि तू माझ्या भावाला पाजतेस?

शेळीला वेदनाशास्त्र येत नाही.

१४ फेब्रुवारी

एक अडचण लक्षात आली. काढा आणि तेल दोन्ही चालू राहिलं, तर उद्या बरं वाटल्यावर श्रेय कुणाचं? आत्या म्हणेल तेलाचं. नात्यात सगळीकडे म्हणेल. म्हणून तेल बंद केलं. आत्याला शांतपणे कारण समजावलं. दोन उपचार एकाच वेळी केले की निष्कर्ष निघत नाही. आत्या म्हणाली, निष्कर्ष नको निघू दे, पाय बघायला तर हवा. मी म्हटलं, पाय बघून वेदना दिसत नाही, त्यासाठी आकडा असतो.

ती बाबांकडे बघत राहिली. बाबा म्हणाले, जाऊ दे ताई, पोरीचं मोजमाप चाललंय, मध्ये पाय नको घालूस. मग स्वतःच हसले. विनोद त्यांच्याकडून अधूनमधून असे होतात.

तेलाची वाटी फडताळावर गेली.

(हा प्रयोग नाही, हे मत कायम आहे. निष्कर्ष फक्त सोयीसाठी.)

२ मार्च

बाबा: पाच.

उंदीर: उत्तम.

१५ मार्च

बाबा: चार. आज विचारायच्या आधीच सांगितलं. झोप लागते म्हणाले. काढा स्वतःहून मागितला. आत्याला म्हणाले, वास शेळीचा असेल, पण गुण हत्तीचा आहे. आत्याने रिकामी वाटी उचलून मोरीत टाकली. तो आवाज घरभर ऐकू आला.

मला समाधान वगैरे काही नाही. नोंद म्हणून लिहिते.

संकल्प: आंधळी चाचणी या महिन्यात.

२७ मार्च

आंधळी चाचणी राहिली. मार्च छोटा वाटला.

उंदरांची प्रगती इतकी स्पष्ट आहे की ती बघायला डोळे झाकण्याचं कारण दिसत नाही. आधी बारीक तंतूला उचलायचे, मग मध्यम, आता जाडही चालतो. आज सगळ्यात जाड तंतू लावला. उंदराचा पाय तंतूबरोबर जाळीवरून वर आला, पण त्याने स्वतः उचलला नाही. समोर बघत उभा राहिला. इतकं निर्वेध सुख मी कुठल्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही.

पोपट वाकून बघत होता. त्याने विचारलं की जरा जास्तच नाही का होत आहे. मी विचारलं, काय जास्त? तो म्हणाला, आराम. मत्सर माणसाला किती हास्यास्पद प्रश्न विचारायला लावतो.

५ एप्रिल

बाबा: दोन.

उपमा मात्र चालू. म्हणाले, वाळू गेली, मुंग्या गेल्या, आता गादीवरून चालल्यासारखं वाटतं. मोजे काढले तरी मोजे घातलेलेच आहेत असं वाटत राहतं. मी लिहून घेतलं: 'मऊपणाची सुखद जाणीव.' एका काढ्यातून वेदना जाते आणि वर मऊपणाही मिळतो, हे पेपरमध्ये वेगळ्या परिच्छेदात घालता येईल.

११ एप्रिल

बाबांनी जुने बूट काढले. मोजणीला जायचे ते, जाड तळाचे. पेटीतून काढून पुसले, पॉलिश केलं आणि सकाळी फिरायला गेले. सहा वर्षांत पहिल्यांदा. परत आले ते तलावापलीकडच्या टेकडीपर्यंत जाऊन. घामाघूम आणि खूश. आत्या म्हणाली, इतकं एकदम नको. ते म्हणाले, पाय आहेत की नाहीत हेच कळत नाही, तर थांबायचं कोणासाठी?

रात्री जेवताना त्यांनी मला वाढलं. कधी वाढत नाहीत.

लिहिण्यासारखं विशेष नाही.

१६ एप्रिल

घरात बाबांची एक चप्पल दारात, एक स्वयंपाकघरात. पायातून निसटली ते कळलंच नाही म्हणाले. वय झालं की निष्काळजीपणा वाढतो.

आकडा: एक.

२० एप्रिल

मॅडमसमोर आणि दोन बाहेरच्या तज्ज्ञांसमोर प्रेझेंटेशन. यावर ठरणार: अर्क सात पुढच्या टप्प्यात जाणार की एक ते सहाच्या शेजारी फळीवर बसणार. ग्राफ दाखवला. एक तज्ज्ञ पुढे वाकला. दुसरा डुलकी घेत होता, तोही वाकला, पण त्याचं कारण वेगळं असावं.

मॅडमनी पाणीवाल्या ग्रुपची रेषा विचारली. मी सांगितलं, चालू आहे. हे असत्य नाही. उंदीर चालू आहेत.

पुढे वाकलेल्या तज्ज्ञाने विचारलं की पाणीवाले उंदीर फेब्रुवारीनंतर ग्राफमधून कुठे गेले. मी म्हटलं, त्यांचा अंदाज करता येतो. तो म्हणाला, अंदाज आम्हालाही करता येतो, मग तुम्हाला उंदीर कशाला दिले? डुलकीवाला हसला. ऐकू बरोबर येतं त्याला.

मॅडमनी ठरवलं: दोन्ही ग्रुपची आंधळी चाचणी, पोपटाच्या हातून. पोपट म्हणाला, अगदी, माझ्या हातून. हे त्याला पहिल्यांदाच लागू पडलं.

काळजीचं कारण नाही. निकाल इतका ठळक आहे की पोपटालासुद्धा दिसेल.

२२ एप्रिल

बाबा रोज टेकडीवर जातात. आज विचारत होते की तज्ज्ञ काय म्हणाले. मी म्हटलं, प्रभावित झाले. ते म्हणाले, त्यांना हवं तर माझे पाय दाखव, फुकटात. आत्या म्हणाली, आधी घरच्यांना दाखव, दोन महिने झाले कोणी पाहिले नाहीत. बाबा म्हणाले, त्यात काय पाहायचं, दुखतच नाहीत.

काही वेळा बाबा माझ्यासारखे बोलतात.

३० एप्रिल

पोपटाचा निकाल आला. अर्क सातचे उंदीर पाय उचलत नाहीत.

पाणीवालेही उचलत नाहीत.

दोन्ही रेषा एकीवर एक. एका रंगात छापलं असतं तर एकच रेषा वाटली असती. पोपटाने हसण्याचा प्रयत्न केला नाही, हे मला जास्त झोंबलं. म्हणाला, मला वाटलं माझंच चुकतंय, म्हणून पुन्हा केली.

१ मे

कारण सापडलं. दोन्ही ग्रुपचे पिंजरे एकाच खोलीत आहेत. अर्क सातची भुकटी हवेतून पसरली असणार आणि पाणीवाल्यांनी ती हुंगली असणार. म्हणजे द्रव्य अपेक्षेपेक्षा कितीतरी ताकदवान आहे. नुसत्या वासाने काम करतं! मॅडमना ई-मेल केला.

मॅडमचं उत्तर दोन शब्दांचं. भेटायला या.

२ मे

मॅडमनी मला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. दोन्ही ग्रुपच्या उंदरांच्या तळपायाच्या कातडीचे पातळ काप. पोपटाने करून ठेवले होते, रंगवून वगैरे. हात बरा आहे त्याचा. निरोगी उंदराच्या कातडीत नसांची टोकं गवतासारखी दाट वर आलेली दिसतात. या दोन्ही ग्रुपमध्ये गवत नाही. एखादी काडी.

मॅडम म्हणाल्या, मधुमेह पुढे गेला की हे होतं. आधी नस ओरडते, मग मरते. दुखायलासुद्धा नस शिल्लक असावी लागते. हे उंदीर बरे झालेले नाहीत, त्यांना पाय आहेत हे कळेनासं झालंय. पाणीवाल्यांना तपासत राहिली असतीस तर मार्चमध्येच दिसलं असतं. अर्काने काही केलं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही.

मॅडमना सुभाषितं बोलायची सवय आहे. पोपट दारात उभा होता. 

मी म्हटलं, जानेवारीतला फरक तरी खरा होता. मॅडमनी विचारलं की तेव्हा तंतू कोणाच्या हातात होता आणि कुठला पिंजरा कुठला हे त्या हाताला माहीत होतं का.

उंदरांबद्दल हे सगळं खरं असेल. बाबा उंदीर नाहीत. बाबांचा याच्याशी संबंध नाही. मी चार जानेवारीलाच लिहिलं आहे.

२ मे, संध्याकाळी

घरी आले तेव्हा आत्या ओल्या फडक्याने फरशी पुसत होती. दारापासून बाबांच्या खुर्चीपर्यंत डाग. एका पायाचेच. बाबा खुर्चीत पेपर वाचत होते. आत्याने विचारलं, हे काय सांडलंस? ते म्हणाले, काही नाही, मी तर आत्ताच फिरून आलो.

आत्याने पाय मांडीवर घेतला. चष्मा ओढला. काही बोलली नाही. आत्या काही बोलली नाही हे परत लिहिते.

डाव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी भोक. आजचं नव्हे. कडा पांढऱ्या, मऊ, आतून काळसर, वास येणारं. बुटात हात घातला. तळातून खिळा वर आला होता. झिजून त्याचं टोक चकचकीत झालं होतं. बरेच दिवस कामात असलेल्या अवजारासारखं.

बाबा वाकून बघत होते. दुसऱ्या कोणाच्या पायाकडे बघावं तसं. म्हणाले, अरेच्चा.

आत्या त्यांना म्हणाली, अरेच्चा काय अरेच्चा, तुझा पाय आहे तो. बाबा म्हणाले, असेल, पण मला कोणी कळवलं नाही.

३ मे

दवाखाना. हा पायांचा डॉक्टर माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल. टेबलावर चहाचा कप, कपाखाली रिपोर्ट. अव्यवस्थित माणूस.

त्याने खणातून नायलॉनचा तंतू काढला. बाबांना डोळे मिटायला सांगितले आणि म्हणाला, टेकवलं की हो म्हणा. त्याने अंगठ्याला टेकवलं. टाचेला टेकवलं. मधे टेकवलं. तंतू वाकत होता, बरोबर हवा तितका. बाबा डोळे मिटून शांत बसून होते. शेवटी नम्रपणे विचारलं, तुम्ही सुरू करताय ना?

डॉक्टरने तंतू खणात ठेवला.

मग त्याने विचारलं, रोज पाय कोण बघत होतं? आत्या म्हणाली, मी बघत होते रोज, तेल लावायच्या निमित्ताने, फेब्रुवारीपर्यंत. पुढे बंद झालं. कोणी बंद केलं ते आत्याने सांगितलं नाही. छतावरच्या पंख्याकडे बघत बसली. तिने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी खोडून काढलं असतं.

डॉक्टर म्हणाला, अशा पायांना दुसरं कोणी फार काही करू शकत नाही, फक्त रोज बघू शकतं. दुखणं थांबलं तेव्हाच यायला हवं होतं. जखम हाडापर्यंत गेलीय का ते एक्स-रे फोटोत कळेल. अंगठा वाचवायचा प्रयत्न करू. मग मला विचारलं, तुम्ही काय करता? म्हटलं, संशोधन. कशात, म्हणाला.

मी म्हटलं, वनस्पतींमध्ये.

४ मे

काढा बंद. बाबांनी जेवणानंतर वाटी शोधली. मी सांगितलं, पाला संपला. ते म्हणाले, अरे, आता कुठे गुण यायला लागला होता.

त्यांना मॅडमनी सांगितलेलं सांगायचा संकल्प केला. शांतपणे, टप्प्याटप्प्याने. काढ्याने काहीच झालं नाही. पाय बरे झाले नव्हते, गेले होते. उद्या.

७ मे

सांगायचं राहिलं. फोटो काढण्यात दिवस गेला. हाडाला थोडं लागलंय. आठवडाभर पाय वर ठेवून झोपून राहायचं, रोज ड्रेसिंग, मग ठरवू, असं डॉक्टर म्हणाला.

अर्क सात फळीवर गेला. सहाच्या शेजारी. चिठ्ठी पोपटाने लावली, सरळ लावली. जाता जाता म्हणाला, तुमच्या बाबांचं ऐकलं, काही लागलं तर सांगा. मी म्हटलं, काही लागणार नाही. तो 'अगदी' म्हणाला नाही.

९ मे

आज सांगितलं. बाबा पाय उशीवर ठेवून ऐकत होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, म्हणजे पाण्याने पण इतकाच गुण आला असता? मी म्हटलं, हो. म्हणाले, मग पाणीच द्यायचं होतंस की, त्या वासापायी मी अडीच महिने नाक धरलं.

आत्या आतून बाबांना म्हणाली, आता तरी तिला नीट रागव. बाबा म्हणाले, कोणाला? आत्या म्हणाली, तुझ्या पोरीला, आणखी कोणाला. तू रागव. बाबा म्हणाले, राग येण्यासारखं काही दुखत नाहीये ताई, काय करू.

मी ग्राफ दाखवू का विचारलं. नको म्हणाले.

१२ मे

आत्याची नजर आता बारकाव्याला पुरत नाही. सकाळी चिकटपट्टी पायाऐवजी स्वतःच्या बोटांना लावून बसली. त्यामुळे ड्रेसिंगचं काम माझ्याकडे. नर्सने एकदा करून दाखवलं. एकदा पुरलं.

हे काम तंत्राचं आहे आणि तंत्रात मी चांगली आहे, हे इथे नोंदवायला हरकत नाही. जुनी पट्टी सलाईनने ओली करून सोडवायची. जखम कडेकडेने साफ करायची. मेलेलं कातडं चिमट्याने धरून कात्रीने कापायचं; निरोगी कातडीला धक्का लावायचा नाही. आज खोल जावं लागलं. हात हलला नाही. पुसलं, जखमेत जाळीदार कापड भरलं, पट्टी बांधली. उंदरांवर इतक्या सफाईने कधी काम केलं नव्हतं.

मान वर केली तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. कौतुकाने. आत्याला हाक मारून म्हणाले, बघ ताई, पोरीचा हात किती हलका आहे. काही कळलंसुद्धा नाही.